वाचकांचे प्रश्न : मोझांबिकची ‘यादवी’ आणि तिच्यानंतर

गेल्या अंकात पोर्तुगीज साम्राज्याच्या अखेरीविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मोझांबिकमधील १९७७ ते १९९२ या काळातील संघर्षाचा उल्लेख मी ‘यादवी युद्ध’ असा केला होता. त्या एका शब्दावरून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच देणे भाग आहे. पत्रे पाठवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक वाचकांच्या घरातील कोणी ना कोणी, आजोबा, मामा किंवा आत्याचे यजमान, बैरा बंदरात अथवा आज मापुतो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोरेन्सो मार्केस शहरात नोकरीला होते. त्यामुळे प्रश्नांत जिव्हाळा आहे आणि काही ठिकाणी रागही आहे. जागेअभावी पत्रांचा सारांशच देत आहे.

मडगाव येथील निवृत्त बँक अधिकारी लिहितात : माझे थोरले मामा १९५८ ते १९७५ या काळात बैरा येथे रेल्वेत कारकून होते. ‘पोर्तुगीज गेले आणि तिथले लोक आपापसांत लढून मेले’, असे ते नेहमी सांगत. आपणही यादवी असेच म्हटले आहे. मग बाहेरच्यांना दोष का द्यायचा?

आपल्या मामांनी जे पाहिले ते खरेच असणार, परंतु ते ज्या वर्षी परतले त्यानंतर युद्ध पेटले, हे आधी लक्षात घ्यावे. ‘यादवी’ हा माझा शब्द मात्र ढिला होता, हे मान्य करतो. प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांवर ज्या एरका (गवताच्या काड्या) उगारल्या, त्या त्यांच्याच किनाऱ्यावर उगवल्या होत्या. मोझांबिकमध्ये एका बाजूची शस्त्रे शेजाऱ्याच्या कोठारातून आली, आणि तो शेजारी बदलला तेव्हा कोठारही बदलले.

मामांच्या रेल्वेपासूनच सुरुवात करू. मोझांबिकचा नकाशा उघडला तर सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीचा किनारा दिसतो. या देशातील मुख्य लोहमार्ग मात्र सगळे आडवे, समुद्राकडून आत जाणारे आहेत. मापुतोची गाडी दक्षिण आफ्रिकेच्या खाणींकडे जाते, बैराची आजच्या झिंबाब्वेकडे आणि नाकालाची मलावीकडे. उत्तरेला दक्षिणेशी जोडणारा एकही उभा मार्ग पोर्तुगीजांनी बांधला नाही, कारण देश जोडण्यासाठी रेल्वे नव्हतीच. शेजारच्या ब्रिटिश मुलखांचा माल बंदरापर्यंत आणून त्याचे भाडे घेण्यासाठी ती होती. मनुष्यबळाचाही असाच व्यापार चाले. दक्षिणेकडील हजारो तरुण दरवर्षी दक्षिण आफ्रिकेतील रँड भागातल्या सोन्याच्या खाणींत पाठवले जात आणि त्यांच्या वेतनाचा एक भाग पोर्तुगीज सरकारला सोन्याच्या रूपात मिळे. मध्य मोझांबिकचा मोठा प्रदेश तर १९४२ सालापर्यंत एका सनदी कंपनीच्या हाती होता, आणि कर वसूल करणे, पोलीस ठेवणे, इतकेच काय पण टपाल तिकिटे छापणे, हे सारे ती कंपनीच करीत असे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत उत्तरेकडील शेतकऱ्यांवर कापसाची सक्ती आली आणि ‘शिबालो’ या नावाने ओळखली जाणारी वेठबिगार तर वसाहतीच्या अखेरच्या काळापर्यंत चालू राहिली. स्वातंत्र्याच्या वेळी शंभरांत नव्वदाहून अधिक लोक निरक्षर होते.

अशा देशाची सत्ता २५ जून १९७५ रोजी फ्रेलिमो या एकाच संघटनेकडे आली. ही संघटना १९६२ साली दार एस सलाम येथे एदुआर्दो माँदलाने यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली, सप्टेंबर १९६४ मध्ये तिने उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात सशस्त्र लढा सुरू केला, आणि १९६९ साली पार्सलमधून आलेल्या बाँबने माँदलाने यांचा बळी घेतल्यानंतर पूर्वी परिचारक असलेले सामोरा माशेल तिचे नेते झाले. लिस्बनमध्ये एप्रिल १९७४ मध्ये सैन्यानेच हुकूमशाही उलथवली आणि सप्टेंबरमध्ये लुसाका येथे करार होऊन सत्तांतराची तारीख ठरली. निवडणूक झाली नाही. लोकांना कोणी विचारले नाही. त्यानंतर दोन वर्षांच्या आत वसाहतीतील सुमारे अडीच लाख पोर्तुगीजांपैकी बहुतेक निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर इंजिनचालक, गवंडी, दुकानदार, डॉक्टर, हिशेबनीसही गेले. काहींनी जाताना यंत्रे मोडून ठेवली.

मग शेजारी आला. मार्च १९७६ मध्ये माशेल यांनी ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारविरुद्ध सीमा बंद केली. बैराच्या मार्गाला यामुळे प्रचंड तोटा झाला, पण संयुक्त राष्ट्रांनी घातलेल्या निर्बंधांचे पालन म्हणून तो पत्करला गेला. याला उत्तर म्हणून ऱ्होडेशियाच्या गुप्तचर संघटनेने फ्रेलिमोतून फुटलेल्या, तुरुंगातून पळालेल्या आणि पोर्तुगीज सैन्यात पूर्वी असलेल्या माणसांना हाताशी धरून एक दल उभे केले. तेच पुढे रेनामो. त्याचा पहिला नेता आंद्रे मात्सांगाइसा १९७९ साली मारला गेला आणि आफोन्सो ध्लाकामा त्याच्या जागी आला. १९८० साली ऱ्होडेशियाचे झिंबाब्वे झाल्यावर हे दल उपाशी मरायला हवे होते. पण वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने ते उचलून स्वतःकडे नेले. मार्च १९८४ मध्ये न्कोमाती करार झाला, त्यात दोन्ही देशांनी एकमेकांच्या बंडखोरांना थारा न देण्याचे वचन दिले, आणि तरीही रेनामोची रसद थांबली नाही.

इथपर्यंत दोष बाहेरचा. परंतु बाहेरून दिलेली बंदूक पंधरा वर्षे खांद्यावर राहते, ती केवळ बाहेरच्या पैशावर नव्हे, हेही मान्य केले पाहिजे, आणि या ठिकाणी आपल्या मामांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९७७ च्या अधिवेशनात फ्रेलिमोने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. गावप्रमुखांचे अधिकार काढून घेण्यात आले, धार्मिक संस्थांची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली, विखुरलेल्या वस्त्या उठवून लोकांना सामुदायिक खेड्यांत आणून बसवले गेले आणि राजकीय विरोधकांना ‘पुनर्शिक्षणा’च्या छावण्यांत धाडण्यात आले. आपले शेत, आपल्या पूर्वजांची थडगी आणि आपला मुखिया या तिन्हींना एकाच वेळी मुकलेल्या माणसाला सरकारविरुद्ध उठवणे अवघड नव्हते. रेनामोने लोकांना जिंकले असे मात्र मी म्हणणार नाही. शाळा, दवाखाने, बस, पूल हीच तिची लक्ष्ये होती. मुलांना पळवून सैनिक बनवणे ही तिची रीत होती. जुलै १९८७ मध्ये होमोईने गावात चारशेहून अधिक माणसे मारली गेली तेव्हा बोट तिच्याकडेच वळले. युद्धात आणि युद्धाने ओढवलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मरण पावले आणि कित्येक लाख घरदार सोडून मलावी व अन्य शेजारी देशांत गेले.

फोंडा येथील महाविद्यालयीन विद्यार्थिनी विचारते : मोझांबिकचा कारभार एके काळी गोव्यातून चाले, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. त्या काळाचा तेथील राजकारणाशी काही संबंध उरला आहे का?

१७५२ पर्यंत मोझांबिक हे गोव्यातील व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होते, हे बरोबर. त्यानंतर ते वेगळे झाले, परंतु संबंध तुटला नाही. झांबेझी नदीच्या खोऱ्यातील मोठ्या जमिनदाऱ्यांवर गोव्याहून गेलेली माणसे होती. त्यांपैकी सर्वांत बलाढ्य म्हणजे गोव्यात जन्मलेला मानुएल आंतोनियु द सौझा, ज्याला तिथे ‘गोउवेया’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने स्वतःचे खासगी सैन्य ठेवून गोरोंगोझा परिसरावर हुकमत गाजवली. याच गोरोंगोझाच्या डोंगरात पुढे रेनामोचा मुख्य तळ झाला, हा योगायोग असला तरी अगदीच निरर्थक नाही, कारण ज्या दुर्गम मुलखात राजधानीची सत्ता पोहोचत नाही तिथे कोणा ना कोणाची खासगी सत्ता उभी राहते.

दुसरी आठवण मात्र आपल्याला अभिमानाने सांगता येईल. १८९५ साली दक्षिण मोझांबिकमधील गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याच्याविरुद्ध लढण्यासाठी गोव्यातील मराठा शिपायांना जहाजावर चढण्याचा हुकूम झाला. त्यांनी तो मोडला, पणजी सोडून ते सत्तरीत गेले, नाणूसचा किल्ला ताब्यात घेतला आणि दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली राण्यांचे बंड पेटले. ते शमवण्यासाठी पोर्तुगालच्या राजाचा भाऊ सैन्य घेऊन गोव्यात आला. त्या वर्षाच्या अखेरीस गुंगुन्याना पकडला गेला आणि त्याला अझोर्स बेटांवर पाठवण्यात आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण राण्यांच्या बंडापुरते येते. दुसऱ्याचे स्वातंत्र्य बुडवायला आमचे हात वापरू नका, असे ज्यांच्या कृतीतून दिसले त्या शिपायांचा उल्लेख असायला हवा होता. (त्यांचे कारण प्रत्यक्षात घर सोडण्याची भीती आणि भत्त्याचा वादही असू शकेल, इतिहासातील माणसांना आपण नंतर जरा उंच करतो.) उलट बाजूने पाहिले तर मोझांबिकचे काळे शिपाई पोर्तुगीजांनी गोव्यात आणून ठेवले, आणि ‘खाप्री’ हा शब्द तेव्हापासून आपल्या लोककथांत आणि दैवतांत शिरला. काफ्रियाल या गोमंतकीय पदार्थाचा मसालाही त्याच वाटेने आला, असे मानतात.

विसाव्या शतकात ही देवघेव राजकीय झाली. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली, तीत गोव्यातील संघटनाही होत्या. बारदेशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांसा हे त्या वर्तुळातील महत्त्वाचे नाव. पुढे ते मापुतोच्या विद्यापीठातील आफ्रिकी अभ्यास केंद्राचे प्रमुख आणि माशेल यांचे विश्वासू सल्लागार झाले. १९८२ साली त्याच केंद्रात रूथ फर्स्ट या दक्षिण आफ्रिकी विदुषी पार्सल बाँबने मारल्या गेल्या, तेव्हा ब्रागांसा जखमी झाले होते. गोमंतकीय वंशाचे ऑस्कार मोंतेइरो हे स्वतंत्र मोझांबिकच्या मंत्रिमंडळात होते. गोवा मुक्त झाला तेव्हा मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना मात्र मोठी किंमत मोजावी लागली. पोर्तुगीजांनी त्यांना छावण्यांत डांबले, त्यांची दुकाने जप्त केली आणि त्यांना देशाबाहेर घालवले. यात प्रामुख्याने गुजराती व्यापारी होते; पोर्तुगीज पारपत्र असलेले गोमंतकीय वाचले. आपल्या अनेक घरांतील ‘तिथे सगळे छान होते’ ही आठवण त्या पारपत्रामुळे आहे, हे विसरू नये.

पणजी येथील एका वाचकाचा प्रश्न : माशेल यांचे विमान पाडले गेले होते का?

१९ ऑक्टोबर १९८६ रोजी झांबियाहून परतताना त्यांचे तुपोलेव बनावटीचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथील टेकडीवर आदळले. वर उल्लेखिलेले ब्रागांसाही त्यात गेले. दक्षिण आफ्रिकेच्या चौकशी आयोगाने वैमानिकांना दोषी धरले. विमान चुकीच्या दिशेने वळवण्यासाठी खोटा दिशादर्शक संकेत सोडला गेला, असे सोव्हिएत तज्ज्ञांचे मत होते. वर्णभेद संपल्यावर सत्यशोधन आयोगानेही हे प्रकरण पाहिले, पण निर्णायक उत्तर दिले नाही. त्यामुळे ‘पाडले’ असे ठामपणे लिहिणाऱ्यावर आणि ‘निव्वळ अपघात’ म्हणणाऱ्यावर सारखाच अविश्वास ठेवावा.

डिचोली येथील निवृत्त शिक्षक लिहितात : अंगोला आणि मोझांबिक दोघेही एकाच वर्षी स्वतंत्र झाले, दोन्हीकडे युद्ध झाले. मग मोझांबिकमध्ये १९९२ चा करार टिकला आणि अंगोलात आणखी दहा वर्षे रक्त सांडले, असे का?

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचे उत्तर नेत्यांच्या चांगुलपणात नाही. अंगोलात युनिटा या बंडखोर संघटनेच्या जोनास साविंबी यांच्या हातात हिरे होते. मे १९९१ मध्ये करार झाला, सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक झाली, निकाल आवडला नाही म्हणून साविंबी पुन्हा रानात गेले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये ठार होईपर्यंत लढत राहिले, कारण लढण्यापुरता पैसा त्यांच्या पायाखालच्या मातीतच होता. रेनामोपाशी तसे काही नव्हते. तिचा आश्रयदाता वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होता आणि १९९० साली मंडेला सुटल्यावर तो आश्रय आटत गेला. सरकारचा आधार सोव्हिएत संघ. तो तर नाहीसाच झाला. शिवाय १९९१-९२ च्या भीषण दुष्काळात लुटायलाही धान्य उरले नव्हते. दोन्ही सैन्ये उपाशी होती, हे त्या शांततेचे पहिले कारण.

त्याआधी फ्रेलिमोने स्वतःच बरेच अंतर कापले होते. माशेल यांच्यानंतर आलेले जोआकिम शिसानो हे बोलण्याला तयार असणारे, थंड डोक्याचे गृहस्थ होते. १९८९ च्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवाद सोडला आणि १९९० च्या राज्यघटनेने अनेक पक्षांना मुभा दिली. म्हणजे ज्या मागणीसाठी लढतो असे रेनामो म्हणत होती, ती मागणी वाटाघाटी पूर्ण होण्याआधीच मान्य झाली होती. बोलणी रोममध्ये झाली, जुलै १९९० पासून दोन वर्षांहून अधिक काळ. मध्यस्थी कोणा महासत्तेने केली नाही. ती सांत एजिदियो या रोममधील कॅथलिक संस्थेने, बैराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्विस यांनी आणि इटलीच्या सरकारने केली. मध्यस्थांमधील एक तरुण धर्मगुरू, मात्तेओ झुप्पी, पुढे बोलोन्याचे कार्डिनल झाले. ध्लाकामा आणि शिसानो यांनी ४ ऑक्टोबर १९९२ रोजी सह्या केल्या.

त्यानंतरचा भाग शांततेच्या गोडव्यांत सहसा येत नाही. अंगोलात संयुक्त राष्ट्रांनी काही शेकडा निरीक्षक पाठवले होते. मोझांबिकमध्ये सहा-सात हजार सैनिक आले, त्यांत भारतीय तुकड्याही होत्या. सैन्ये विसर्जित झाल्याशिवाय निवडणूक नाही, असा हट्ट धरण्यात आला आणि त्यापायी मतदान एक वर्ष लांबवले गेले. घरी गेलेल्या सैनिकाला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळाला. रेनामोला पक्ष म्हणून उभे राहता यावे यासाठी देणगीदार देशांनी दीड कोटीहून अधिक डॉलरचा निधी दिला. सरळ भाषेत सांगायचे तर तिच्या नेत्यांना शहरात घर, गाडी आणि कार्यालय देऊन रानातून बाहेर काढले. याला लाच म्हणावे की शहाणपण, हे आपण ठरवावे. मी यांतला दुसरा शब्द निवडीन. ऑक्टोबर १९९४ च्या निवडणुकीत शिसानो यांना ५३ टक्के, ध्लाकामा यांना सुमारे ३४ टक्के मते पडली आणि २५० जागांच्या संसदेत फ्रेलिमोला १२९, रेनामोला ११२ जागा मिळाल्या. ज्या संघटनेला जग भाडोत्री टोळी म्हणत होते, तिला मध्य प्रांतांतील लोकांनी एवढी मते दिली, यावरून त्या सामुदायिक खेड्यांचा राग किती खोल होता हे कळते.

पण एक गोष्ट राहून गेली. करारानंतर लगेच सर्वांना माफी देणारा कायदा झाला आणि कोणत्याही अत्याचाराची चौकशी झाली नाही. गावांनी आपल्या परीने वाट काढली; परतलेल्या बालसैनिकाला पारंपरिक वैद्याकडून शुद्ध करून घेऊन घरात घेतले. राज्याने मात्र काहीच विचारले नाही, आणि राज्याला विचारण्याची सवयही कोणाला लागली नाही.

वास्को येथील गृहिणी : माझा मुलगा तारवटी आहे. त्याचे जहाज पेंबा बंदराजवळ थांबणार म्हणून आम्हाला धास्ती वाटते. शांतता झाली असेल तर तिथे आता कोण लढत आहे?

धास्ती समजू शकतो. पेंबा ही काबो देल्गादोची राजधानी असून शहर स्वतः सरकारच्या ताब्यात राहिले आहे. तरीही मुलाला कंपनीच्या सुरक्षा सूचना पाळायला सांगा.

ही लढाई जुन्या रेनामोची नाही. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी मोसिंबोआ दा प्राया येथील पोलीस ठाण्यांवर हल्ला झाला, तेव्हा ती उघड झाली. लोक हल्लेखोरांना ‘अल शबाब’ म्हणतात, पण सोमालियातील त्या नावाच्या संघटनेपेक्षा ही टोळी वेगळी आहे. नंतर तिने इस्लामिक स्टेटशी नाते जाहीर केले. किनाऱ्यावरील म्वानी आणि आतील माकुआ समाजातील बेरोजगार मुले तिच्यात मोठ्या संख्येने आहेत. स्वातंत्र्यलढा ज्या पठारावर सुरू झाला तेथील माकोंदे समाजातील लढवय्यांना निवृत्तिवेतन, पदे आणि परवाने मिळाले, किनाऱ्याला काही मिळाले नाही, ही तेथील जुनी खंत. तशातच माँतेपुएझ येथे माणकांच्या खाणी सापडल्या आणि हाताने खणणाऱ्यांना हुसकावून लावण्यात आले. २०१० नंतर रोवुमा खोऱ्याच्या समुद्रात प्रचंड नैसर्गिक वायू सापडला आणि त्यासाठी गावे हलवली गेली. गोव्यातील खाणपट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना जमिनीखाली संपत्ती निघाली म्हणजे वर राहणाऱ्याची काय गत होते, हे मी वेगळे सांगायला नको.

२४ मार्च २०२१ रोजी पाल्मा शहरावर हल्ला झाला. जवळच अफुंगी येथे टोटालएनर्जीज या फ्रेंच कंपनीचा सुमारे वीस अब्ज डॉलरचा प्रकल्प उभा राहात होता. तो एप्रिलमध्ये थांबला. जुलैमध्ये रवांडाचे सैन्य आले आणि त्याने महिन्याभरात मोसिंबोआ परत मिळवून दिले, जे मोझांबिकच्या सैन्याला वर्षभर जमले नव्हते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांच्या समूहाचे सैन्यही आले, पण ते २०२४ मध्ये परतले. आजवर सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि एका टप्प्यावर विस्थापितांची संख्या दहा लाखांच्या जवळ पोहोचली होती. २०२५ च्या अखेरीस कंपनीने प्रकल्पावरील स्थगिती उठवली. हल्ले पूर्ण थांबलेले नाहीत. वायूच्या कुंपणाभोवती पहारा आहे, कुंपणापलीकडच्या गावाला तो नाही.

म्हापसे येथील भुसारी दुकानदार : आमचा त्या देशाशी आता काय संबंध?

आपल्या पोत्यातील तूरडाळ पाहा. २०१६ साली भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला आणि तो पुढे वाढवला. तिथे तूर मुख्यतः भारतासाठीच पिकते, त्यामुळे आपल्या बाजारातील भाव पडला की तिथला शेतकरी बुडतो. वर सांगितलेल्या वायूप्रकल्पात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा एकत्रित वाटा ३० टक्के आहे. मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बैरा उद्ध्वस्त केले, तेव्हा मदतीला सर्वप्रथम पोहोचलेल्यांत भारतीय नौदलाची जहाजे होती.

काणकोण येथील वाचक : एवढे सगळे वाचल्यावर एकच विचारतो. या देशाचे पुढे काय होईल?

भाकीत सांगण्याचे धाडस करणार नाही, परंतु तीन घटना जोडून पाहाव्यात.

पहिली, छुपे कर्ज. २०१३-१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्मांदो गेबुझा यांच्या कारकिर्दीत तीन सरकारी कंपन्यांनी टूना मासेमारीच्या आणि सागरी पहाऱ्याच्या नावाखाली दोन अब्ज डॉलरहून अधिक कर्ज काढले. बराचसा भाग संसदेला न सांगता काढलेला होता. २०१६ साली ते उघड झाल्यावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि देणगीदारांनी मदत थांबवली, चलन कोसळले. माजी अर्थमंत्री मानुएल शांग यांना २०२४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवले. माजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला मापुतोच्या न्यायालयाने शिक्षा दिली, ही गोष्ट मात्र तेथील न्यायव्यवस्थेच्या बाजूने नोंदवायला हवी.

दुसरी, रेनामोचा शेवट. २०१२ च्या अखेरीस ध्लाकामा पुन्हा गोरोंगोझाच्या डोंगरात गेले होते आणि २०१४ चा करारही टिकला नव्हता. मे २०१८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार झाला आणि २०२३ साली शेवटचा तळ बंद होऊन पाच हजारांहून अधिक लढवय्ये घरी गेले. तिसऱ्यांदा शांतता झाली, पुन्हा त्याच दोन पक्षांत. त्या वेळेपर्यंत देशातील बहुसंख्य लोक १९९२ नंतर जन्मलेले होते आणि दोघांचेही युद्ध त्यांच्या आठवणीत नव्हते.

तिसरी घटना या तरुणांचीच. ९ ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत फ्रेलिमोचे दानियेल शापो विजयी घोषित झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी व्हेनान्सियो माँदलाने (पहिल्या माँदलानेंशी यांचे केवळ आडनावाचे साम्य) यांनी निकाल बनावट असल्याचा आरोप केला. त्यांचे वकील आणि पाठिंबा देणाऱ्या पक्षाचे एक पदाधिकारी यांना १९ ऑक्टोबरला मापुतोत गोळ्या घातल्या गेल्या. नंतर महिनोन्महिने रस्ते पेटले, लोकांनी रात्री खिडक्यांतून भांडी बडवली, आणि स्थानिक नागरी संघटनांच्या मोजणीनुसार तीनशेहून अधिक माणसे मेली. डिसेंबरमध्ये घटनात्मक परिषदेने शापो यांना ६५ टक्के मते दिली. रेनामो मात्र मागे पडली आणि मुख्य विरोधी पक्षाची जागा एका नवख्या पक्षाने घेतली. म्हणजे बंदूक ज्यांच्याकडे कधीच नव्हती, असा मुख्य विरोधक या देशाला पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मिळाला.

माझे मत विचाराल तर १९९२ पासूनची प्रत्येक शांतता ही सशस्त्र माणसांना वाटा देण्याची व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था तोवर चालली जोवर वाटा मागणारे मोजके होते. काबो देल्गादोच्या कोळ्याला किंवा मापुतोच्या वस्तीतील पदवीधर बेकाराला त्या पद्धतीने घर-गाडी देता येणार नाही. शापो हे स्वातंत्र्यानंतर जन्मलेले पहिले राष्ट्राध्यक्ष आहेत आणि मार्च २०२५ मध्ये ते माँदलाने यांना भेटले, ही चांगली सुरुवात होती. पण त्या संवादातून प्रांतांचे राज्यपाल खऱ्या अर्थाने लोकनियुक्त होतात का, निवडणूक आयोग पक्षांच्या कोट्यातून सुटतो का, आणि वायूच्या उत्पन्नातील किती भाग पेंबापर्यंत परत येतो, या तीन गोष्टींकडे मी पाहीन. पहिली कसोटी २०२८ च्या नगरपालिका निवडणुकांत लागेल, आणि तिथे बैरा शहरात काय घडते हे पाहण्यासारखे आहे, कारण गेली वीसेक वर्षे हे शहर फ्रेलिमोच्या हाती लागलेले नाही.